बिदरचा घोडा आणि आमचा वारा

गोव्याच्या इतिहासाची पुस्तके उघडली की कदंबांना भरपूर पाने मिळतात, विजयनगरला बरी मिळतात, आणि मग एकदम १५१० साल उगवते. मधली १४७२ ते १५१० ही अडतीस वर्षे गोवा आधी बिदरच्या बहमनी सुलतानाचा आणि नंतर विजापूरच्या आदिलशहाचा होता. ही अडतीस वर्षे बहुतेक लेखक दोन परिच्छेदांत उरकतात. एक साधा प्रश्न त्यात राहूनच जातो. बिदरच्या सुलतानाला गोवा हवा कशाला होता?

नकाशा समोर घ्या. बिदर समुद्रापासून सरळ रेषेतसुद्धा साडेचारशे किलोमीटरहून जास्त आत आहे. उंची सव्वादोन हजार फुटांच्या आसपास. मध्ये सह्याद्री आडवा. बिदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आणि खाली कलबुर्गीकडचे आळंद, हा सगळा आज कर्नाटकातला, पण घरोघर मराठी ऐकू येणारा मुलूख. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता. इथल्या माणसाचे आयुष्य मृग कधी निघतो आणि हस्त कसा बरसतो यावर चालते. दर्या खवळला काय नि निवळला काय, त्याला काय त्याचे, असे आपल्याला वाटते. पंधराव्या शतकात मात्र बिदरच्या दरबारात आपल्या दर्याची चौकशी आपल्यापेक्षा जास्त होत असावी. कारण सुलतानाचे घोडदळ जहाजातून येत होते.

दख्खनच्या हवेत चांगले घोडे निपजत नाहीत, ही त्या काळच्या सगळ्या प्रवाशांची तक्रार. लढाईचा घोडा अरबस्तानातून, इराणातून यायचा. तो होर्मुझला जहाजावर चढायचा आणि चौल, दाभोळ, गोवा, भटकळ अशा बंदरांत उतरायचा. बहमनी आणि विजयनगर ही दोन राज्ये दीडशे वर्षे रायचूरच्या दोआबासाठी भांडली, पण दोघांचीही खरी नस किनाऱ्यावर होती. ज्याच्या हाती बंदर, त्याच्या हाती घोडा. नुसते एवढेच नाही, बंदर आपल्या हाती असले की दुसऱ्याचा घोडाही अडवता येतो. गोव्याचे महत्त्व हे होते.

आणि जहाज वाऱ्याच्या मर्जीने चालते. इथे थोडे थांबून वाऱ्याबद्दल बोलायला हवे, कारण आपण त्याला गृहीत धरतो. जगातल्या सगळ्याच उष्ण किनाऱ्यांवर आपल्यासारखा वारा नसतो. कॅरिबियन समुद्रातली बेटे घ्या. तीही नारळी-पोफळीची, तीही साधारण आपल्याच अक्षांशांतली. पण तिथे बारा महिने वारा पूर्वेकडूनच येतो. कोलंबसाला तिकडे घेऊन गेला तोच हा वारा. तिथल्या किनाऱ्यावर कोणी रोजचे हवामान आणि समुद्राची स्थिती लिहून ठेवली, तर वर्षाचे बरेच दिवस पूर्वेचा वारा, थोड्या लाटा, दुपारी एखादी सर, हेच पुन्हा पुन्हा लिहावे लागेल. जून ते नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळाची धास्ती असते तेवढाच फरक. आपला अरबी समुद्र मात्र वर्षातून दोनदा तोंड फिरवतो. जूनपासून नैऋत्येचा वारा, नोव्हेंबरपासून ईशान्येचा. अरबी खलाशांनी या ठरलेल्या वेळेला 'मौसिम' म्हटले. आपण त्याचा मोसम केला, पोर्तुगीजांनी त्याचे 'मोन्सांव' केले आणि इंग्रजांनी त्यावरून 'मान्सून'. शब्दाचा अर्थ मुळात पाऊस नव्हेच. तो आहे ठराविक काळ, हंगाम. खलाशाला पावसाचे देणेघेणे कमी, निघायचे कधी आणि पोचायचे कधी याचे जास्त.

तर हिशेब असा. जून-जुलैत नैऋत्येचा वारा इतका जोराचा की किनाऱ्याची बंदरे बंद. आपल्याकडे मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध येतो आणि जुन्या काळी जहाजे आत-बाहेर करू शकत नसत. घरात पुरुमेंत भरून ठेवायची आपली पद्धत याच दिवसांसाठी. ऑगस्टच्या अखेरीस वाऱ्याचा जोर ओसरू लागतो. त्या ओसरत्या वाऱ्यावर होर्मुझ-एडनकडची जहाजे सप्टेंबरात इकडे येतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्या उघडतो तो याच सुमारास. नंतर ईशान्येचा वारा स्थिर झाला की हिवाळ्यात परतीचा प्रवास. आणि पाऊस लागण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये, आणखी एक छोटी संधी. ती चुकली तर तीन-चार महिने बसा.

ही शेवटची संधी साधून आलेल्या एका माणसाने बिदर आणि गुलबर्ग्याच्या मुलखाचे हवामान लिहून ठेवले आहे. तो होता रशियन. अफनासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गा नदीवर लुटला गेला, कर्जबाजारी झाला, परत जायला तोंड नाही म्हणून पुढे पुढे जात राहिला, आणि कास्पियन, इराण, होर्मुझ करत एक घोडा घेऊन जहाजावर चढला. सहा आठवडे समुद्रात काढून चौलला उतरला. त्याच्या आठवणींचे पुस्तक 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ओळखले जाते. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. हा गृहस्थ त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी आला. मागे तोफा नाहीत, राजाचे पत्र नाही. रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. आपल्याकडे मात्र त्याचे नाव फारसे कोणी घेत नाही.

निकितिनकडे आपले पंचांग नव्हते आणि हिजरी महिन्यांवर त्याचा भरवसा नव्हता. त्याचे जवळचे धर्मग्रंथ वाटेतच लुटले गेले होते, त्यामुळे ईस्टर नक्की कधी याचाही त्याला अंदाजच करावा लागत होता, आणि त्याची त्याला फार खंत होती. तरी तो सगळ्या नोंदी चर्चच्या सणांवरून करतो. जुन्नरला असताना तो लिहितो की इथला 'हिवाळा' त्रैक्याच्या सणापासून सुरू झाला आणि चार महिने रात्रंदिवस जिकडे तिकडे पाणी आणि चिखल. बिचाऱ्याला पावसाळा नावाचा वेगळा ऋतू माहीतच नाही. त्याच्या देशात घराबाहेर पडता येत नाही अशा दिवसांना हिवाळा म्हणतात, म्हणून हाही हिवाळा!

मी जरा आकडेमोड करून पाहिली. त्याच्या प्रवासाच्या सालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बहुतेकांनी मानलेले १४६९ साल धरले, तर त्या वर्षी ईस्टर २ एप्रिलला येतो आणि त्रैक्याचा सण २१ मे रोजी. ही जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख. त्या शतकात त्यात नऊ दिवस मिळवले की आजची तारीख मिळते. म्हणजे ३० मे. रोहिणी संपत आलेल्या, मृग तोंडावर. घाटमाथ्यावर पाऊस धरायची अगदी आपल्या ओळखीची वेळ. साडेपाचशे वर्षांपूर्वीची, एका परक्या माणसाने आपल्या सणावरून केलेली नोंद आपल्या शेतकऱ्याच्या नक्षत्राशी अशी जुळते. खाते कोणतेही असो, नोंदवही ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे.

या चार महिन्यांत इकडचे लोक नांगरतात, पेरतात, गहू, भात, हरभरा पिकवतात, असेही तो सांगतो. त्याला नवल वाटते ते घोड्याच्या खुराकाचे. घोड्याला हरभरे चारतात आणि साखर घालून खिचडी शिजवतात, म्हणतो. त्याचा स्वतःचा घोडा जुन्नरच्या खानाने काढून घेतला. मुसलमान हो, घोडाही मिळेल आणि वर हजार मोहराही. नाही झालास तर घोडा गेला आणि हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. एका खुरासानी ओळखीच्या माणसाने मध्ये पडून त्याला सोडवले. पाऊस पुरता ओसरण्यापूर्वीच, आजच्या हिशेबाने ऑगस्टच्या चोविसाव्या तारखेस, तो जुन्नरहून निघाला आणि गुलबर्ग्याच्या मुलखातून नोव्हेंबरात बिदरला पोचला. घोडा विकला गेला तो नाताळाच्या सुमारास. एका घोड्यासाठी वर्षभर खर्च आणि जीव टांगणीला. दाभोळहून बिदर-गुलबर्ग्यापर्यंत खुष्कीने एक महिना लागतो, हा त्याचाच हिशेब.

आळंदच्या बाजाराबद्दल त्याने लिहिले आहे ते मला सगळ्यात मोलाचे वाटते. हे आळंद म्हणजे पुण्याजवळची आळंदी नव्हे, कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद. तिथे शेख अलाउद्दीन यांचा दर्गा आहे. लाडले मशायख म्हणून लोक आजही जातात. निकितिन म्हणतो, वर्षातून एकदा इथे मोठी जत्रा भरते, सगळ्या हिंदुस्थानचा व्यापारी येतो, आणि विकायला वीस हजारांपर्यंत घोडे येतात. आकडा सोडून द्या, बाजारात ऐकलेला आकडा नेहमी फुगलेलाच असतो. वेळ पाहा. रशियन चर्चच्या ऑक्टोबरातल्या एका सणाच्या दोन आठवडे नंतर ही जत्रा, आणि त्याच सणापासून इथे 'वसंत' सुरू होतो, असे तो सांगतो. आजच्या तारखेने ऑक्टोबरचे शेवटचे दिवस. आता खलाशाचे वेळापत्रक याच्या शेजारी ठेवा. जहाजे सप्टेंबरात किनाऱ्याला, महिनाभर घाट चढून चालत, वाटेतले ओढे-नाले उतरलेले, रानात गवत भरपूर, आणि ऑक्टोबर अखेरीस घोडा आळंदच्या माळावर. हे मुद्दाम जुळवून आणलेले नसेल. उरूस त्याच्या तिथीने होत असेल, आणि हिजरी तिथी तर ऋतूंतून फिरत राहते. पण त्या वर्षी तरी तिथी आणि वारा यांची गाठ पडली होती, आणि ज्या वर्षी ती पडे त्या वर्षी बाजार नक्कीच जोरात होत असणार.

याच निकितिनचे आणखी एक निरीक्षण आहे. मुलूख माणसांनी गजबजलेला, गावाकडचे लोक अगदी उघडेवाघडे, आणि सरदार मात्र बलाढ्य नि डामडौलाचे. हे वाक्य लक्षात राहू द्या, पुढे लागेल.

निकितिन ज्याला 'मलिक-उत्-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य, म्हणतो तो बहमनींचा वजीर महमूद गावान. हाही मूळचा समुद्रकाठचाच. कास्पियनच्या किनाऱ्यावरच्या गीलानचा. दाभोळला उतरून व्यापारी म्हणून बिदरला आला आणि वजीर झाला. कोकण जिंकल्याशिवाय बंदर सुरक्षित नाही हे दरबारात त्याच्याइतके कोणाला कळणार? १४६९ साली तो कोकणच्या मोहिमेवर निघाला. समोर संगमेश्वरचा राजा आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड. गडाला महिनोन् महिने वेढा घातला, आणि मग आला पाऊस. बिदरच्या फौजेने असा पाऊस पाहिलेला नव्हता. बिदरला वर्षभरात पडतो त्याच्या तिपटीहून अधिक पाऊस आपल्याकडे चार महिन्यांत कोसळतो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर त्याहून जास्त. गावानने घाटातल्या वाटांवर पहारे ठेवले, फौज कोल्हापूरला हलवली आणि गवताने शाकारलेल्या झोपड्यांत पावसाळा काढला. ही हकिगत फिरिश्त्याने दिली आहे. बहमनी साम्राज्याचा वजीर शाकारलेल्या झोपडीत आगोट कधी संपते याची वाट पाहत बसला आहे, हे चित्र मला फार आवडते.

गोवा पडला तो १ फेब्रुवारी १४७२ रोजी. तारीखच सगळे सांगते. फेब्रुवारीत आपला समुद्र तळ्यासारखा असतो. गावान जमिनीवरून आला आणि समुद्रातून १२० गलबते, असा फिरिश्त्याचा आकडा आहे. विजयनगरचे ठाणे उठले. बिदरला मोठा उत्सव झाला. त्याच वर्षी बिदरमध्ये गावानचा प्रसिद्ध मदरसा पुरा झाला. निळ्या-हिरव्या इराणी फरश्यांची ती इमारत आजही अर्धी उभी आहे. उरलेली अर्धी १६९६ साली गेली. वीज पडली आणि आत साठवलेली दारू पेटली असे सांगतात.

पुढच्याच वर्षी विजयनगरने गोवा परत घ्यायचा प्रयत्न केला, म्हणून सुलतान महंमदशहा स्वतः बेळगाववर चालून गेला. बेळगाव घेतले. परतीच्या वाटेवर विजापुरात मुक्काम. जागा सुलतानाला आवडली, पावसाळा इथेच काढू म्हणाला. पण पाऊस आलाच नाही. विहिरी आटल्या आणि सुलतानाला बिदर गाठावे लागले. दुसऱ्या वर्षीही तेच. दोन वर्षे पेरणी नाही. माणसे मेली, उरलेली शेजारच्या मुलखांत पळाली. तिसऱ्या वर्षी पाऊस पडला तेव्हा जमीन कसायला माणूसच शिल्लक नव्हता, असे फिरिश्ता लिहितो. त्याने हे शंभरावर वर्षांनी विजापुरात बसून लिहिले, हे धरूनही तपशील अंगावर येतो.

ज्या वाऱ्याने घोडे आणले तोच वारा त्या दोन वर्षी ढग घेऊन आला नाही. पण जहाजे? वारा थोडा कमजोर असला तरी जहाजे येतात. गोवा हाती होता, दाभोळ हाती होते. मग धान्य का आणले नाही? मला वाटते, याचे उत्तर बैलात आहे. घोडा स्वतःच्या पायांनी घाट चढतो. धान्य बैलाच्या पाठीवरून जाते. बैलाला महिनाभराच्या वाटेत रोज चारा-पाणी लागते. दुष्काळात आधी गवत जाते, मग बैल, मग माणूस. वाटेवर गवत नाही म्हणजे किनाऱ्यावर तांदळाच्या राशी असल्या तरी त्या बिदरला पोचणार नाहीत. आणि पोचल्या असत्या तरी उघड्यावाघड्या माणसाने त्या कशाने विकत घेतल्या असत्या? बिदरच्या साम्राज्याने किनाऱ्यापासून राजधानीपर्यंत जी वाट तयार केली, ती घोड्याच्या किमतीचा माल सोसू शकत होती. ज्वारीच्या किमतीचा नव्हे.

म्हणूनच या मुलखाच्या स्मृतीत सुलतानांचे विजय राहिले नाहीत, दामाजीपंत राहिले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या बादशहाची कोठारे रयतेला खुली केली आणि विठ्ठलाने विठू महार होऊन बेदरला जाऊन रक्कम भरली, ही कथा आपल्या गोव्यातही देवळादेवळांत कीर्तनातून पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली. परंपरा हा दुष्काळ पंधराव्या शतकातलाच मानते. कोणता दुष्काळ, कोणता बादशहा, याचा वाद इतिहासकार करोत. कथेतली गोष्ट मात्र पक्की व्यवहाराची आहे. कोठार जवळ होते आणि कुलूप दूर होते. एका कारकुनाला यातले मर्म चटकन कळते. वरिष्ठांची मंजुरी येईपर्यंत पावसाळा संपतो.

बिदरला पाण्याची चिंता आधीपासून होती. अहमदशहा वलीने पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या सुमारास राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. शिकारी कुत्र्यांवर कोल्हा उलटला म्हणून ही भूमी शूरांची, अशी दंतकथा सांगतात. तशीच कथा विजयनगरची आणि अहमदाबादचीही सांगतात, त्यामुळे ती सोडून देऊ. गुलबर्गा उन्हाळ्यात भट्टीसारखे तापते आणि बिदर उंचावर, हवेशीर, हे कारण पुरेसे आहे. आणि बिदर जांभ्या दगडावर बसलेले आहे. होय, आपलाच चिरा! बिदरच्या किल्ल्याच्या भिंती पाहताना गोव्याच्या माणसाला घरच्यासारखे वाटते ते यामुळे. जांभा पाणी पिऊन घेतो, खाली काळा बसाल्ट ते अडवतो. इराणी कारागिरांनी ही गोष्ट ओळखली आणि जमिनीखालून उतरते बोगदे खणून ते पाणी खेळवले. त्याला कारेज म्हणतात. बिदरजवळ नौबादला ती अजून आहे. वर ठराविक अंतरावर विहिरीसारखी तोंडे दिसतात. जागतिक स्मारक निधीने २०१४ साली बिदरचे नाव आपल्या यादीत घेतले, त्यानंतर तिच्या साफसफाईला जोर आला.

कारेजने शहर तगले असेल, शेत नव्हे. शेताचे गणित वेगळे. अरबी समुद्राकडून येणारा पाऊस सह्याद्रीवर रिकामा होऊन जातो, बिदर-कलबुर्गीपर्यंत उरतो थोडा. त्यामुळे इथली माणसे डोळे लावून बसतात ती बंगालच्या उपसागराकडे. तिथला कमी दाबाचा पट्टा आंध्र-तेलंगण ओलांडून सप्टेंबरात इकडे सरकला की उत्तरा-हस्ताचा पाऊस होतो, आणि त्यावर रब्बीची ज्वारी, हरभरा. कलबुर्गीची तूरही याच ओलीवर पोसते. कधी तो मर्यादा सोडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेले वादळी क्षेत्र तेलंगण, उत्तर कर्नाटक, महाराष्ट्र असे आडवे चालत थेट अरबी समुद्रात उतरले. भीमेला महापूर आला, कलबुर्गी जिल्ह्यातली गावे पाण्याखाली गेली. आणि १९७२ साली याच्या उलट, दोन्ही समुद्रांनी पाठ फिरवली होती.

असो. गावानला ५ एप्रिल १४८१ रोजी, खोट्या पत्राच्या आरोपावरून, सुलतानाच्या हुकुमाने ठार मारले. राज्य फुटू लागले, गोवा विजापूरकडे गेला. १५१० च्या सुरुवातीला अफोंसो द अल्बुकेर्कने तो घेतला आणि मे महिन्याच्या अखेरीस आदिलशाही फौजेने त्याला हुसकून लावले. अल्बुकेर्क जहाजांवर चढला खरा, पण मांडवीच्या तोंडाशी बांध, बाहेर दर्या खवळलेला. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तो नदीतच अडकून पडला, दोन्ही काठांवरून तोफांचा मारा खात. त्याच्या माणसांनी उंदीर खाल्ले, पेट्यांची कातडी उकडून खाल्ली. दर्या उघडल्यावर तो निसटला आणि २५ नोव्हेंबरला, स्वच्छ हवेत, परत आला.

त्यानंतर होर्मुझची घोड्यांची जहाजे पोर्तुगीजांनी सक्तीने गोव्याच्या बंदरात वळवली आणि दर घोड्यामागे जकात लावली. विजयनगर आणि विजापूर, दोघांचेही गिऱ्हाईक धक्क्यावर हजर असे. बिदर तोवर बरीदशाहीचे छोटे राज्य होऊन बसले होते.